अकराव्या भागातलं दीड पान

६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला. लबाडी आहे, मान्य. नऊ वर्षांनी लिहितेय आणि सुरुवातच लबाडीने.

काम ऑफिसचं आहे, तेवढं तरी वाच. मालक आता थकलेत, प्रकाशनाचं सगळं त्यांची सून बघते. आम्ही तिला नव्या बाई म्हणतो; सहा वर्षं झाली तरी नव्याच. त्यांनी तू अनुवाद केलेल्या मेणबत्तीबाईचे अकराही भाग पुन्हा छापायचे ठरवलेत. मलपृष्ठावरचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आहे: ‘मध्ययुगातलं इंग्लंड. नदीकाठचं एक गाव, एक मठ, एक किल्ला. मेणबत्त्या ओतून पोट भरणारी एक विधवा. तिची सगळ्या घरांत ये-जा, आणि कुणाच्या घरी कुठल्या दिवशी किती मेण जळलं यावरून ती खुनी शोधून काढते.’ चार वाक्यांत तुझी बारा वर्षं बसवली. मी फक्त एक स्वल्पविराम काढला.

तर नव्या बाईंनी वर्तमानपत्रात चौकट दिली: वाचकांनी या मालिकेबद्दल आपले अभिप्राय कळवावेत, निवडक नव्या आवृत्तीत छापू. आम्हाला वाटलं वीस-पंचवीस पत्रं येतील. तीनशे बारा आली. ती लावायचं काम माझ्याकडे. मी तीन गठ्ठे केले: कौतुकाची, तक्रारींची, आणि ‘बारावा भाग कधी?’ विचारणारी. तिसरा गठ्ठा खिडकीच्या कठड्याला लागलाय.

काही तुझ्यासाठी उतरवून पाठवते. एक शिवणकाम करणाऱ्या बाई लिहितात, ‘मी मशीनवर असते आणि हे वाचून दाखवतात. पण हे आधीच शेवट बघून ठेवतात आणि खुनी बोलायला लागला की यांचा आवाज गोड होतो. त्यामुळे मला तिसऱ्या प्रकरणातच सगळं कळतं. तुम्ही यांना दोन शब्द सांगावेत.’ एक निवृत्त सिग्नलमन विचारतात की त्या काळात कुणाकडे घड्याळ नव्हतं, तर मग खून व्हायच्या वेळेला सगळे बरोबर जागेवर कसे हजर असतात. एका दंतवैद्यांना सातवा भाग सगळ्यांत आवडतो, कारण त्यात प्रेत दातांवरून ओळखलंय. आणि एका तुरुंगाच्या ग्रंथपालांनी लिहिलंय, ‘चौथ्या भागाच्या दोन प्रती वाचून वाचून फाटल्या. इथल्या वाचकांचं एकमत असं की कथानक उत्तम आहे, मात्र गुन्हेगार फार लवकर कबुली देतात.’

ते वाचून मी एकटीच एवढी हसले की खालच्या रंगाच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

अकराव्या भागाबद्दलची पत्रं वेगळी ठेवली आहेत. त्यांत विशेष काही नाही.

तुझी तब्येत कशी आहे? रुग्णालयात दुभाष्याचं काम अजून करतेस असं कानावर आलं.

— ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

उत्तर येईल असं धरून चालले नव्हते, तेव्हा वाईट वाटून घेतलेलं नाही.

आज एक जाड पाकीट आलं. लिहिणाऱ्या बाईंनी चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावर सांधेदुखीने घरात बसावं लागलं, तेव्हा त्यांनी मूळ इंग्रजी पुस्तकं मागवली आणि तुझा अनुवाद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचली. अकराच्या अकरा! पहिल्या दहा भागांत त्यांना एकूण चौदा शंका आल्या. त्यांतल्या नऊ त्यांनी स्वतःच खोडल्या आणि शेजारी लिहिलं, ‘अनुवादिका बरोबर, मी चूक.’ हे तुला कळावं असं वाटलं.

मग अकरावा भाग. त्याबद्दल त्यांनी फक्त चार ओळी लिहिल्या आहेत. ‘मूळ पुस्तक पूल ओलांडल्यावर संपतं. अनुवाद पुलाच्या अलीकडेच संपतो. मध्ये दीड पान आहे. ते कुठे गेलं?’

कुठे गेलं ते मी तुला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. अक्षरजुळणीच्या वेळी पानं इकडची तिकडे झाली, शेवटची दोन गहाळ झाली, कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा गोष्टी होतात. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एका पाकशास्त्राच्या पुस्तकात मूळव्याधीवरचं प्रकरण छापून गेलेलं आहे.

त्या वेळी परीक्षणांत ‘अनुवादिकेने शेवट गुंडाळला’ असं आलं, ते चुकीचंच होतं. तू मालकांना एका ओळीचं पत्र पाठवलंस, ‘बारावा भाग मी करणार नाही.’ मालकांनी ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘बहिणीला समजवा.’ मी म्हटलं, ‘ती ऐकत नाही कुणाचं.’

भूमितीच्या बाईंना काय उत्तर द्यायचं ते बघते.

— ताई


९ मार्च

प्रिय धाकटे,

भूमितीच्या बाईंना मी उत्तर दिलं नाही, तर त्या स्वतःच आल्या. काठी टेकत दोन जिने चढल्या. वर आल्यावर पाणी नको म्हणाल्या, खुर्ची चालेल म्हणाल्या. पिशवीतून दोन्ही पुस्तकं काढली आणि नव्या बाईंच्या टेबलावर उघडून ठेवली.

“माझी तक्रार नाही,” त्या म्हणाल्या. “मला फक्त कारण हवंय. पहिल्या पानापासून जी बाई इतकी नेटकी लिहिते, तिला शेवटच्या दीड पानाचा कंटाळा येईल का? मला ते पटत नाही.”

नव्या बाईंनी इंग्रजी पुस्तक ओढून घेतलं आणि ते दीड पान तिथल्या तिथे वाचलं. मी समोरच्या टेबलावर होते. मला ते पाठ आहे, पण मी खाली मान घालून बसले.

तुला आठवत असेल. गिरणीवाल्याची आई मठाच्या इस्पितळात विषाने मरते. तिची मुलगी लांबच्या गावी असते. बोलावणं जाऊनही ती येत नाही. कुणाच्या तरी हातून तिनेच विष धाडलं असा सगळं गाव संशय घेतं. मेणबत्तीबाई खरा खुनी शोधून काढते, मुलगी सुटते. तुझ्या नावावर छापलेलं पुस्तक इथे संपतं, गावकरी तिच्याकडे पाठ करून उभे आहेत आणि ती एकटी पुलाकडे निघाली आहे. मूळ पुस्तकात मेणबत्तीबाई तिच्या मागून जाते. पूल ओलांडेपर्यंत तिच्याबरोबर चालते. ती मुलगी म्हणते, मी भ्याले, मला आईला मरताना बघवलं नसतं. मेणबत्तीबाई तिला काहीच उपदेश करत नाही. आपली भाकर मोडून अर्धी तिच्या हातात ठेवते आणि विचारते, पुढच्या गावापर्यंत रस्ता माहीत आहे ना.

नव्या बाईंनी पुस्तक मिटलं. “हे गाळल्यावर तर पुस्तकाचा अर्थच उलटा झाला,” त्या म्हणाल्या. “वाचणाऱ्याला वाटणार, गावाचंच बरोबर होतं.”

“तेच म्हणतेय मी,” भूमितीच्या बाई म्हणाल्या.

नव्या बाई माझ्याकडे वळल्या. “ताई, तुम्हीच मुद्रितं तपासली होती ना? काय झालं होतं?”

मी म्हटलं, “फार वर्षं झाली. बघावं लागेल.”

“बहुतेक अनुवादिकेनेच गाळलं असणार. आता त्यांना विचारायचं तरी कसं, त्या उत्तर देत नाहीत. आपण नव्या आवृत्तीत ते दीड पान दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ आणि खाली टीप टाकू, ‘पहिल्या आवृत्तीत अनुवादिकेने गाळलेला मजकूर येथे समाविष्ट केला आहे.’ म्हणजे वाचकांचं समाधान होईल.”

मी पाणी आणायला उठले. पाणी कुणालाच नको होतं.

— ताई


१४ मार्च

धाकटे,

पाच दिवस मी ती टीप डोक्यात घेऊन फिरले. तीन हजार प्रती, आणि प्रत्येकीत तुझ्या नावाखाली माझं कृत्य.

दीड पान गहाळ झालं नव्हतं. मी काढलं होतं. तुझ्या हस्तलिखिताची शेवटची दोन पानं टाइप करणाऱ्याकडे गेलीच नाहीत. मी ती आदल्या दिवशी गठ्ठ्यातून काढून घेतली आणि त्याआधीच्या पानाच्या शेवटी ‘समाप्त’ लिहिलं. माझ्याच अक्षरात. त्या बिचाऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

फाडून टाकायला निघाले होते, पण तुझं अक्षर फाडवेना. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवली. तो खंड ऑफिसात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

काल सकाळी मी तो उघडला आणि पानं घेऊन नव्या बाईंच्या टेबलापाशी गेले. त्या फोनवर होत्या. मी उभी राहिले. फोन संपल्यावर म्हणाल्या, “बोला.”

“हे दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची गरज नाही. तिने केलं होतं. मी काढून ठेवलं.”

त्यांनी पानं हातात घेतली. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. मग खिडकी बंद केली. खाली रंगाचे डबे उतरवत होते, त्याचा आवाज फार होता.

“चुकून?”

“नाही.”

“का?”

मी म्हटलं, “घरचं कारण होतं.”

“ताई, तुमच्या घरच्या कारणासाठी तुम्ही आमच्या पुस्तकाचा शेवट बदललात?” त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या अगदी हळू बोलत होत्या. “तुम्ही? एका अनुस्वारासाठी तुम्ही लेखकाला दोनदा फोन करता.”

त्यांनी दोन्ही पानं जुळवून समोर ठेवली. शेवटी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. या मालिकेच्या कागदाला मी यापुढे हात लावायचा नाही. बाकीच्या पुस्तकांचं काय ते वर्षअखेरीला बघू. आणि टीप मीच लिहायची, माझ्या हुद्द्यानिशी.

टीप लिहायला मला अख्खा दिवस लागला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, समासात खुणा केल्या. स्वतःची चूक लिहायला शब्द सापडेनात. पहिल्या मसुद्यात ‘अनवधानाने’ आलं. तो शब्द खोडला. दुसऱ्यात ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ आलं, तेही खोडलं. शेवटी उरलं ते असं:

‘अकराव्या भागाच्या पहिल्या आवृत्तीतून शेवटचं दीड पान मुद्रितशोधकाने जाणूनबुजून काढलं होतं. अनुवादिकेने संपूर्ण अनुवाद दिला होता आणि तिला याची कल्पना नव्हती. ते दीड पान अनुवादिकेच्या मूळ शब्दांत येथे छापलं आहे.’

नव्या बाईंनी काही न बदलता सही केली.

घरचं कारण तुला ठाऊक आहे. तरीही मी ते लिहायला हवं. आज होत नाही.

— ताई


३० मार्च

धाकटे,

आईच्या शेवटच्या महिन्यांत मी तिला नववा भाग वाचून दाखवत होते. तिचं मत होतं, ‘ही मेणबत्तीबाई हुशार आहे, पण जिथे तिथे बसून घेते. हिचं दुकान कोण बघतं?’ रोज दहा पानं वाचून झाली की विचारायची, ‘धाकटी कधी येणार?’ मी म्हणायचे, ‘कामात आहे. दहावा संपला, अकरावा चाललाय.’

तू फोन केलास तो दिवस मला नीट आठवतो. दुपारी अडीच वाजता. तू विचारलंस, “ताई, निघू का?” मी म्हटलं, “कशाला? ताप उतरलाय. तू अशी अचानक आलीस तर तिला वाटेल काहीतरी मोठं झालंय.” तू पुन्हा विचारलंस, “नक्की ना?” मी म्हटलं, “मी आहे ना इथे.”

ताप उतरला नव्हता.

त्या दिवशी सकाळी आईचे केस विंचरत होते, तेव्हा तिने मला तुझ्या नावाने हाक मारली. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. चार वर्षं तिचं अंथरूण, औषधं, आंघोळ सगळं मी केलं, आणि तिच्या तोंडात नाव तुझं. तू आली असतीस तर ती उठून बसली असती, एवढं मला कळत होतं. चार वर्षं माझ्यासाठी ती कधी उठून बसली नाही.

मला वाटलं होतं अजून दोन-तीन महिने हातात आहेत. डॉक्टरही तेच म्हणाले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होते. सबब म्हणूनच सांगतेय.

अठरा दिवसांनी ती गेली.

आणि मग तो दिवस. घर माणसांनी भरलेलं. तू दारातून आत आलीस, चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास, आणि मामा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘जन्मदात्रीला बघायला सवड झाली नाही का गं तुला? एवढी मोठी झालीस?’ तू माझ्याकडे बघितलंस. मी आईच्या पलंगावरची चादर घडी करत होते. मी घडी करत राहिले.

मामांना ते मीच सांगितलं होतं. ‘कळवलं होतं, आली नाही,’ असं.

तीन महिन्यांनी तुझं अकराव्या भागाचं हस्तलिखित ऑफिसात आलं. घरी पत्र नाही, फोन नाही, पण काम वेळेत. मी ते सलग वाचलं आणि शेवटच्या दीड पानाशी अडले. न आलेल्या मुलीला एक शहाणी बाई दोष देत नाही, अर्धी भाकर देते. मला वाटलं, हे तू मुद्दाम माझ्यासाठी लिहिलंयस. तू फक्त अनुवाद केला होतास, पुस्तक मूळ लेखिकेने आपल्या जन्माआधी कधीतरी लिहिलं होतं, एवढंही मला सुचलं नाही. मला हवं होतं की निदान पुस्तकात तरी गावाने तिच्याकडे पाठ फिरवलेली राहावी. ती दोषी राहिली तरच मी सुटत होते. आणि त्या मुलीच्या आणि तुझ्या न येण्यात काही साम्यही नव्हतं. ती भ्यायली होती. तू निघाली होतीस, तुला मी अडवलं.

काल रविवारी मामांकडे गेले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत, ऐकू फार कमी येतं. मी हळू आवाजात सुरुवात केली.

“काय?” ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

“जरा मोठ्याने बोल गं, कानातल्या यंत्रात नुसती घरघर येतेय.”

तेव्हा मला ओरडून सांगावं लागलं. “मी तिला येऊ नको म्हटलं होतं! आई आजारी असताना! ती निघाली होती!” स्वयंपाकघरात मामींच्या हातातलं भांडं थांबलं. शेजारच्या गॅलरीतल्या बाई झाडांना पाणी घालायच्या थांबल्या.

मामा माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे मी त्या पोरीला उगाच बोललो?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“हो, मामा.”

“आणि तू तिथेच होतीस.”

मी मान हलवली. त्यांनी यंत्र कानातून काढलं, पुसलं, परत घातलं. मग म्हणाले, “तिचा नंबर लिहून दे, मोठ्या आकड्यांत. आणि तू घरी जा. मला तिच्याशी बोलायचंय, तू इथे नको.”

मामी दारापर्यंत आल्या, पण चहा घेऊन जा असं म्हणाल्या नाहीत. मी पायऱ्या उतरताना त्यांनी दार लावून घेतलं.

माफी मागायची ती मागतेय. तू द्यावीस असं त्यात काही नाही.

— ताई


१८ एप्रिल

प्रिय धाकटे,

परवा फोनवर मी जेमतेम चार शब्द बोलले, म्हणून लिहितेय. तुझा आवाज ऐकल्यावर जे ठरवलं होतं ते सगळं विसरले. तू काय काय म्हणालीस ते मात्र विसरायला नको, म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या कागदावर टिपून ठेवलं. जुनी सवय.

तू म्हणालीस, “मामा अर्धा तास रडत होते. म्हाताऱ्या माणसाला रडवायची काय गरज होती?”

मी म्हटलं, “होती.”

तुझ्या बाजूला कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. मग म्हणालीस, “तू मला येऊ नको म्हणालीस, त्याचा राग मला आठवडाभरसुद्धा टिकवता आला नाही. तुझ्या आवाजावरूनच कळत होतं, तू पार थकली होतीस. मीच हट्टाने निघायला हवं होतं. पण तू चादरीची घडी घालत बसलीस, ताई. एक शब्द बोलली असतीस तर मी त्या घरात राहिले असते.”

हे वाक्य मी कागदावर दोनदा लिहिलं.

मग दीड पानाचं. तू म्हणालीस की ती दोन पानं तू सात वेळा लिहिली होतीस. दिवसभर डॉक्टर काय म्हणाले ते रुग्णाला आणि रुग्ण काय म्हणाला ते डॉक्टरांना सांगायचं, आणि घरी येऊन त्या पुलावर बसायचं. पुलावरच्या त्या मुलीला कुणीतरी काही विचारतंय, एवढंच तुला पुरत होतं. मी तुझ्याकडून काय काढून घेतलं ते तेव्हा मला कळलं. मी समजत होते, मी फक्त एका पुस्तकाचं पान काढलं.

नवी आवृत्ती आली. ऑफिसात कुणी टिपेबद्दल बोलत नाही, पण माझ्या टेबलाजवळून जाताना सगळे जरा जपून जातात. पत्रं यायला लागली आहेत आणि ती लावायला नव्या बाईंनी दुसऱ्या कुणाला बसवलंय. एक मात्र त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं, तुरुंगाच्या ग्रंथपालांचं. ‘इथे शेवटचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. पुन्हा वाचा अशी मागणी झाली. टिपेविषयी मतं दोन आहेत. काहींना मुद्रितशोधकाचा राग आला. इतरांचं म्हणणं, निदान कबूल केलं, तेही नऊ वर्षं लावून. हे पटण्यासारखं आहे.’

भूमितीच्या बाईंना मी स्वतः पत्र लिहिलं. त्यांचं कार्ड आलं, ‘कारण कळलं. आभारी आहे.’ बास, एवढंच.

आणि तुझी अट. ती मी टिपली नाही, टिपायची गरज नव्हती. तू म्हणालीस, “बारावा करतेय. नव्या बाईंना कळवलंय. पण मुद्रितं तू तपासायची नाहीस.”

“नाही,” मी म्हटलं.

“आधी वाचायला मागायचं नाहीस. छापून आल्यावर दुकानातून विकत घ्यायचं. आणि काय वाटलं ते इतर वाचकांसारखं पत्राने कळवायचं, प्रकाशनाच्या पत्त्यावर.”

“बरं.”

“आणि खरं लिहायचं.”

अट मान्य आहे. हे शेवटचं घरगुती पत्र समज. आता पुस्तक येईपर्यंत लिहीत नाही.

— ताई


११ जानेवारी

अनुवादिका यांस,
प्रकाशनाच्या पत्त्यावर.

स. न. वि. वि.

मेणबत्तीबाई मालिकेचा बारावा भाग मी बाजारातल्या दुकानातून घेतला. दुकानदाराने दोनच प्रती मागवल्या होत्या, दुसरी माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी घेतली. तीन दिवसांत वाचून झाला. मी आयुष्यभर हातात पेन्सिल घेऊनच वाचत आले. या वेळी पेन्सिल बाहेरच्या खोलीत ठेवून वाचायला बसले. पहिली पन्नास पानं बोटं वळवळत होती. त्यानंतर विसरले.

माझा अभिप्राय असा. नदीवरच्या तराफ्याचं प्रकरण अप्रतिम. मेणबत्तीबाईचे हात आता थरथरतात आणि मेण सांडतं, ते इतक्या साधेपणाने आलंय की मी पुस्तक जरा वेळ उलटं ठेवलं. खुनी मला एकशे दहाव्या पानावर कळला. तसा सगळ्यांनाच कळेल, त्यात अनुवादाचा दोष नाही.

आता तक्रार. मठाधिपतीची बडबड फार आहे. तो तोंड उघडतो आणि दोन पानं खातो, आणि आपण त्याची भाषा जास्तच भारदस्त केली आहे. मूळ मी वाचलेलं नाही, पण तो इतका गंभीर नसावा, जरा हास्यास्पद असावा असा मला संशय आहे. तसंच बावन्नाव्या पानावर ‘दिवा’चा ‘दावा’ झाला आहे. हे सांगणार नव्हते. राहवलं नाही.

शेवट पूर्ण आहे.

कळावे,
एक वाचक


४ फेब्रुवारी

(छापील कार्ड)

आपला अभिप्राय मिळाला. वाचकांच्या पत्रांमुळे काम करण्यास हुरूप येतो. आभारी आहे.

(खाली हाताने)

ताई, ‘दावा’ बघितला. मठाधिपतीबद्दलचं तुझं मत साफ चूक आहे. तो हास्यास्पद नाही, एकटा आहे, आणि हे मी तुला पटवून देणार आहे. पण एवढं भांडण कार्डावर मावत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रजा मिळतेय. चार दिवस येते. पुस्तक हाताशी ठेव.

— धाकटी